खिडकीबाहेरचा हात

गेल्या अंकात मी स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘ड्युएल’वर लिहिलं, आणि महिनाभर पत्रं येत राहिली. ज्यांनी हा सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट एवढीच: डेव्हिड मान नावाचा एक साधा नोकरदार लाल मोटार घेऊन कामाला निघतो. कॅलिफोर्नियाच्या उजाड डोंगरातल्या रस्त्यावर एका मळकट, धूर ओकणाऱ्या टँकरला ओलांडून पुढे जातो आणि तो टँकर त्याच्या जिवावर उठतो. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर १३ नोव्हेंबर १९७१ ला हा सिनेमा दाखवला गेला. खर्च सुमारे साडेचार लाख डॉलर. चित्रीकरणाला दहा दिवस दिले होते, लागले बारा-तेरा. दिग्दर्शक तेव्हा चोवीस वर्षांचा होता.

कौतुकाची पत्रं बाजूला ठेवली आहेत. ज्यांना सिनेमा पटला नाही किंवा ज्यांना काही विचारायचं आहे, त्यांना आधी उत्तरं देते.

आम्ही चार मित्रांनी हॉस्टेलवर लॅपटॉपवर पाहिला. अर्ध्या तासात दोघं झोपले. एक गाडी, एक ट्रक, दीड तास तेच ते. यात एवढं काय आहे?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कराड

‘तेच ते’ ही तक्रार आणखी चार पत्रांत आहे, म्हणून नीट उत्तर देते.

पुन्हा पाहाल तेव्हा एकच वस्तू धरून पाहा: रेडिएटरचा होस पाइप. सुरुवातीला मान पेट्रोलपंपावर थांबतो. पंपावरचा माणूस बॉनेट उघडून सांगतो की हा पाइप बदलायला झालाय. मान म्हणतो, नंतर बघू. आपण सगळेच असं म्हणतो, त्यामुळे ते वाक्य कानावरून निघून जातं. मग तासभर पाठलाग चालतो, पंपावरचा तो माणूस आपण विसरून गेलेलो असतो आणि शेवटच्या मोठ्या चढावर नेमका तो पाइप फुटतो. बॉनेटमधून वाफ, गाडीची ताकद गेलेली, वेगाचा काटा एकेका खुणेने खाली येतोय, आणि मागे टँकर. त्या चढावर माझी नजर टँकरकडे जातच नाही, काट्यावर खिळलेली असते. खंबाटकीच्या चढाला तापलेल्या गाडीचं बॉनेट उघडून ज्याने कधी वाट पाहिली आहे, त्याला हे सांगावं लागणार नाही. तुम्ही अजून गाडी चालवत नसाल तर पाच वर्षांनी पाहा.

दुसरं, लॅपटॉपच्या स्पीकरवर हा सिनेमा अर्धाच पोहोचतो. या सिनेमाला टीव्हीचा एमी पुरस्कार मिळाला तो ध्वनिसंकलनासाठी. टँकर दिसण्याआधी त्याची घरघर ऐकू येते, ती खालच्या पट्टीतली आहे आणि छोट्या स्पीकरमधून ती येतच नाही. हेडफोन लावा. शेवटी टँकर दरीत कोसळतो तेव्हा यंत्राच्या आवाजात मिसळलेली एखाद्या प्रचंड जनावराची आरोळी ऐकू येईल. तोच आवाज स्पीलबर्गने चार वर्षांनी ‘जॉज’मधला शार्क मरताना पुन्हा वापरला.

ड्रायव्हरचा चेहरा शेवटपर्यंत दाखवत नाहीत, तो का मागे लागला तेही सांगत नाहीत. मला फसवल्यासारखं वाटलं. पैसे कमी पडले म्हणून शेवट अर्धवट सोडला का?
– गृहिणी, सोलापूर

नाही, पैशाचा यात संबंध नाही. ट्रक चालवणारा माणूस होता, केरी लॉफ्टिन नावाचा, हॉलिवूडमधला नावाजलेला स्टंट ड्रायव्हर. त्याला दोन मिनिटं कॅमेऱ्यासमोर उभं करायला काहीच खर्च नव्हता. ठरवून दाखवला नाही. दिसतात ते फक्त बूट आणि खिडकीबाहेर आलेला हात.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाही कारण हवं होतं. मी जुन्या भांडणाची, नात्यागोत्याची, कसली तरी वाट पाहत होते. पुढे या गोष्टीचा उगम वाचला आणि माझा हट्ट गेला. रिचर्ड मॅथेसन या लेखकाच्या बाबतीत हे खरोखर घडलं होतं. २२ नोव्हेंबर १९६३ चा दिवस, केनेडींची हत्या झाली तो. मॅथेसन आणि त्यांचे एक मित्र गोल्फ अर्धवट टाकून घरी निघाले होते, आणि एक ट्रक त्यांच्या गाडीला चिकटून येऊ लागला. शेवटी त्यांना गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली. तो ट्रकवाला कोण, त्याच्या मनात काय होतं, हे मॅथेसनना कधीच कळलं नाही. त्यांनी ती कथा १९७१ मध्ये छापली आणि पटकथाही स्वतःच लिहिली. रस्त्यावर आपल्याला जो माणूस भिववतो त्याचं कारण आपल्या हाती लागत नाही. तो पुढच्या फाट्याला वळून जातो आणि आपण घरी येऊन रात्रभर विचार करत राहतो. तुम्हाला जी रुखरुख लागली ती मॅथेसन यांचीच आहे.

एक खूण मात्र ठेवली आहे. टँकरच्या पुढच्या बंपरवर वेगवेगळ्या राज्यांच्या नंबरप्लेटा ओळीने लावलेल्या आहेत. त्या कुणाच्या असतील, हे कुणी बोलून दाखवत नाही. पुन्हा पाहताना तिथे थांबा.

७४ मिनिटांचा आणि ९० मिनिटांचा असे दोन ‘ड्युएल’ आहेत म्हणे. कुठला खरा?
– निवृत्त बँक कर्मचारी, पुणे

दोन्ही. ७४ मिनिटांचा टीव्हीवर लागला तो. परदेशात थिएटरला लावण्यासाठी नंतर आणखी चित्रीकरण करून तो ९० मिनिटांचा केला. गॅरेजमधून निघणारी गाडी, मानचा बायकोला फोन, शाळेची बस आणि रेल्वे फाटक ही त्यातली भर.

बायकोचा फोन मला नको वाटतो. आदल्या रात्री पार्टीत कुणीतरी तिच्याशी फार वाईट वागलं आणि मान गप्प बसला, असं त्यातून कळतं. म्हणजे हा माणूस भिडस्त आहे हे सांगायचंय. ते मानचं काम करणाऱ्या डेनिस वीव्हरच्या खांद्यांवरून आणि स्टिअरिंग धरण्याच्या पद्धतीवरून कळतंच. शाळेची बस मात्र फार मोलाची आहे. का, ते पुढच्या पत्रात येतंय.

माझ्या तीन गाड्या आहेत. तीस वर्षं या धंद्यात आहे. सिनेमात ट्रक ड्रायव्हर म्हटला की दारुडा, नाहीतर खुनी. तुम्ही अशा सिनेमाचं एवढं कौतुक केलंत आणि सगळ्या लेखात ट्रकवाल्यांबद्दल एक चांगला शब्द नाही. वाईट वाटलं.
– ट्रकमालक, निपाणी

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. चांगला शब्द नव्हता हे खरं आहे. तो मीच लिहायला हवा होता, कारण मी ट्रक ड्रायव्हरची मुलगी आहे.

आमच्या आप्पांनी सत्तावीस वर्षं टँकर चालवला. आमच्या भागातल्या साखर कारखान्यांतून मळी भरायची आणि पुणे-मुंबईकडे न्यायची. मे महिन्याच्या सुट्टीत मी दोनदा त्यांच्याबरोबर गेले आहे. केबिनमध्ये इंजिनाच्या झाकणावर गोधडी चौपदरी घालून मला बसवायचे, तरी खालून चटका लागायचा. मळीचा तो गोड, आंबूस वास आठ-आठ दिवस केसांतून जात नसे. टँकर अर्धा भरलेला असेल तर वळणावर आतली मळी एका अंगाला येते आणि गाडीला ढकलते, ब्रेक मारला तर मागून धक्का देते, हे मला दहाव्या वर्षी ठाऊक होतं. घाट उतरताना कितीही उशीर झालेला असो, आप्पा गाडी गिअरमध्येच उतरवायचे. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांवर त्यांचा फार राग.

आणि त्यांचा उजवा हात. मागून एखादी मोटार चिकटली की पुढचं वळण सरेपर्यंत तो हात खिडकीबाहेर खाली धरलेला असायचा, बोटं पसरून: थांब. रस्ता मोकळा दिसला की हात पुढे हलायचा: जा. मागच्या माणसाला टँकरच्या पलीकडचं काहीच दिसत नसतं. त्याला दिसतो तो एक हात, आणि त्या हातावर विसंबून तो बायकापोरांसकट गाडी उजवीकडे काढतो.

कात्रजला एकदा आप्पांनी हात दिला आणि मोटार ओलांडायला निघाली, तेवढ्यात वळणातून मोटारसायकल आली. आप्पांनी टँकर डावीकडे इतका दाबला की चाकं रस्ता सोडून खडीवर गेली. केबिन हललं, मी क्लीनरमामांच्या अंगावर पडले. मोटार निघून गेली, मोटारसायकलही गेली. आत बसलेल्यांना बहुतेक काही कळलंही नसेल. पुढच्या ढाब्यावर आप्पा थांबले. चहा सांगितला आणि घेतला नाही. टायरला टेकून उभे राहिले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, “हात दिला म्हंजे त्याचा जीव आपल्या अंगावर घेतला. चुकलं माझं.”

आता सिनेमातला तो प्रसंग आठवा. टँकर मानला पुढे जाऊ देत नाही, दोन-तीनदा आडवा येतो, आणि मग खिडकीतून हात बाहेर येतो आणि हलतो: जा. मान जातो. समोरून मोटार येत असते. थोडक्यात वाचतो.

आप्पा निवृत्त झाल्यावर मी त्यांना हा सिनेमा डीव्हीडीवर दाखवला. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं, कळायची गरजही पडली नाही. कॉटवर आडवे होते. तो हात आला आणि ते उठून बसले. “हे ड्रायव्हरचं काम न्हवं,” म्हणाले. पुढे बराच वेळ ते पडद्याकडे कमी आणि जमिनीकडे जास्त बघत होते.

दादा, माझं म्हणणं इथेच आहे. ज्याला ट्रकवाल्याच्या हाताची किंमत माहीत नाही, त्याला या प्रसंगात नुसता एक अपघात टळलेला दिसतो. ज्याला माहीत आहे, त्याच्या पोटात गोळा येतो, कारण रस्त्यावर दोन अनोळखी माणसांमध्ये जो भरवसा असतो तो इथे मोडलेला आहे. तो भरवसा तुमच्यासारख्यांनी, आप्पांसारख्यांनी वर्षानुवर्षं राखला म्हणूनच तो मोडल्याची भीती वाटते. गेल्या लेखात मी कॅमेऱ्याबद्दल लिहीत बसले आणि हे राहून गेलं.

शाळेच्या बसचं सांगते. बस बंद पडलीय, आत मुलं आहेत. ड्रायव्हर मानला गाडीने ढकलायला सांगतो. मानचा बंपर बसखाली अडकतो, बोगद्यात टँकर दिसतो आणि मान घाबरून पळ काढतो. मग तोच टँकर येतो आणि बसला शांतपणे ढकलून मार्गी लावतो. त्या मुलांच्या गावात या ड्रायव्हरची काय आठवण राहिली असेल? हॉटेलातला प्रसंगही तसाच. मान तिथल्या सगळ्यांचे बूट बघत बसतो आणि सँडविच खाणाऱ्या एका निरपराध माणसावर तुटून पडतो. तो माणूस त्याला चोपतो आणि भलत्याच ट्रकमध्ये बसून निघून जातो. तिथे बसलेल्या सगळ्यांना खुनी समजण्याची चूक मान करतो, आणि सिनेमा ती चूक म्हणूनच दाखवतो.

तरीही तुमची तक्रार मी खोडून काढत नाही. मानला नाव आहे, नोकरी आहे, बायकामुलं आहेत. ड्रायव्हरला बूट आणि हात. शेवटी टँकर दरीत जातो आणि मान कड्यावर नाचतो, हसतो, रडतो. आप्पांनी मला विचारलं, “त्याच्या घरी कोण कळवणार?” खाली उतरून पाहायला कुणी जात नाही, सिनेमा तिथेच संपतो. आप्पांना मी उत्तर देऊ शकले नाही. हा प्रश्न सिनेमाला पडायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

टँकरवर ‘ज्वलनशील’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय, तरी दरीत पडल्यावर स्फोट होत नाही. ही चूक नाही का?
– विज्ञान शिक्षक, सांगली

हे कोडं तुमच्याआधी पुष्कळांना पडलं आहे. आप्पांचं निदान असं होतं की टँकर रिकामा आहे, भरलेली गाडी चढाला एवढी पळणारच नाही. पळण्याबद्दल ते बरोबर. पण तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला माहीत असेल की इंधनाच्या रिकाम्या टाकीत वाफ उरते आणि ती जास्त धोक्याची. म्हणजे शास्त्राने हे पूर्ण सुटत नाही.

वाहिनीला स्फोट हवाच होता. स्पीलबर्ग अडून बसला आणि त्याने तो होऊ दिला नाही. टँकर हळूहळू कोसळतो, धुळीत गडप होतो, फिरत राहिलेलं एक चाक, गळणारं तेल, आणि मग शांतता. मला त्याचं म्हणणं पटतं. स्फोट झाला असता तर आपण टाळी वाजवून उठलो असतो. इथे ते मरण बघत बसावं लागतं. ट्रक एकच होता आणि कडाही एकदाच वापरता येणार होता, म्हणून अनेक कॅमेरे लावून एकाच दमात ते घेतलं आहे.

आम्ही नाटकवाली पाच मुलंमुली आहोत. दोन लाख रुपये, एका काकांची जुनी जीप आणि ओळखीचा टेम्पो एवढं भांडवल आहे. घाटात असा सिनेमा करता येईल का?
– नाट्यसंस्थेतले कलाकार, नाशिक

येईल, पण आधी हे लक्षात घ्या की स्पीलबर्गच्या मागे युनिव्हर्सल स्टुडिओ होता आणि गाड्या चालवणारे मुरलेले लोक होते. तुमच्या मागे कुणी नाही. म्हणून चालत्या रहदारीत एकही पाठलाग करायचा नाही. पोलिसांची लेखी परवानगी, रस्त्याच्या दोन्ही टोकांना झेंडा घेऊन उभी राहिलेली माणसं आणि जीप चालवायला मुरलेला ड्रायव्हर, एवढं जमत नसेल तर सिनेमा पुढच्या वर्षी करा. हे मी काळजीपोटी सांगते आहे, कडक वाटलं तरी चालेल.

त्याने केलेल्या काही गोष्टींना मात्र पैसा लागत नाही. जवळजवळ सगळा सिनेमा दिवसाउजेडी घडतो, म्हणजे दिव्यांचा खर्च नाही. उजाड मातकट डोंगरात उठून दिसावी म्हणून मोटार लाल निवडली. तुमच्या घाटात जूनमध्ये सगळं हिरवं असेल, तेव्हा जीपला कुठला रंग द्यायचा ते महिना बघून ठरवा. ट्रक निवडताना त्याने काही ट्रक ओळीने उभे करून पाहिले आणि लांब नाकाडाचा, दोन काचांचा, पीटरबिल्ट कंपनीचा जुना ट्रक घेतला, कारण पुढून तो चेहऱ्यासारखा दिसत होता. मग त्यावर तेल, धूळ, मेलेले किडे चढवले. तुमच्या टेम्पोसमोर उकिडवे बसून बघा, त्याला डोळे कुठे आहेत.

कॅमेरा रस्त्याच्या अगदी जवळ ठेवा आणि एका अंगाला कडा किंवा कठडा येऊ द्या. जवळची भिंत सर्रकन मागे जाते तेव्हा तीसच्या वेगाने चाललेली गाडीसुद्धा ऐंशीच्या वेगाची वाटते. त्यामुळे वेगाने चालवायची गरजच पडणार नाही.

आणि नकाशा. स्पीलबर्गने सगळ्या रस्त्याचा, वरून दिसेल तसा, एक लांबच लांब नकाशा करून घेतला आणि मोटेलच्या खोलीत भिंतींवर लावला. कुठल्या वळणावर काय घडणार हे त्यावर मांडलेलं होतं, आणि रोज झालेलं काम त्यावर खोडत जायचं. तुम्ही जीप घेऊन नका जाऊ, आधी घाट पायी चढा. प्रत्येक वळण, मैलाचा दगड, गाडी बाजूला घेता येईल अशी जागा, संरक्षक कठडा तुटलेला असेल ती जागा, सगळं मांडा. सूर्य कुठल्या वेळी कुठल्या वळणावर असतो तेही लिहा. पाचही जणांनी वेगवेगळा काढा आणि मग एकमेकांवर ठेवून बघा, सगळ्यांनी एकच वळण मोठं काढलं असेल तर तुमचा प्रसंग तिथे आहे.

नकाशा झाला की पत्रासोबत मला पाठवा. कसारा असो की सप्तशृंगीचा रस्ता, आप्पांचे जुने सोबती अजून आहेत. कुठल्या वळणावर गाडी कशी वागते ते त्यांना विचारून मी तुम्हाला लिहून कळवीन.